उरलेला वायसर

परभणी-जिंतूर रस्त्यावरच्या एका पंक्चरच्या दुकानात, ट्यूब बुडवायच्या घमेल्याशेजारी, एक गंजका पत्र्याचा डबा असतो. जुने नट, छर्रे, तुटक्या तारा, वाकलेल्या कॉटर पिना, सगळं त्यात पडतं. परवा त्यात एक वेगळाच वायसर दिसला. जाडजूड, मधलं भोक गोल नाही तर दोन बाजूंनी चपटं, आणि कडेला नखाएवढं वाकवलेलं शिंग. "मामा, हा कुठला हो?" असं विचारल्यावर मामांनी मान वर न करता सांगितलं, "बॅटरीची सायकल आलती एक पंक्चरला. चाक बसवलं अन् ह्यो उरला. न्हाई लावला तरी चाक बसलंच की." त्यांचं बोलणं खोटं नव्हतं. चाक बसलं होतं, गिऱ्हाईक पैसे देऊन गेलं होतं. ती सायकल पुढं कुठवर गेली असेल, हा विचार मात्र डोक्यातून जाईना.

मामांना दोष देता येत नाही. त्यांचा सगळा जन्म ज्या सायकलींत गेला, त्यांत एखादा वायसर उरला म्हणून काही बिघडत नसे. साध्या सायकलीचा एक्सल, म्हणजे चाकाच्या मधला दांडा, नुसता बसून असतो. चाक छर्ऱ्यांवर फिरतं, नटांनी फक्त एक्सल चिमट्यात, म्हणजे चाक धरणाऱ्या फ्रेमच्या दोन नळ्यांत, धरून ठेवायचा. हब मोटारचं, म्हणजे चाकाच्या मधोमध बसणाऱ्या मोटारचं, तसं नाही. तिच्या पोटातली तांब्याची वेटोळी एक्सलला घट्ट बसवलेली असतात आणि बाहेरचं कवच चाकासकट फिरतं. मोटार चाकाला जेवढ्या जोरानं पुढं ढकलते, तेवढ्याच जोरानं एक्सलला मागं पिळते. २५० वॅटची गिअरवाली हब मोटार जागेवरून उठताना ३० ते ४० न्यूटन-मीटर पीळ देते. एक्सल १२ मिलीमीटरचा आणि त्याच्या चपट्या बाजूंमधलं अंतर १० मिलीमीटर. एवढ्याशा रुंदीवर ४० न्यूटन-मीटर तोलायचे म्हणजे चिमट्याच्या खाचेच्या दोन्ही गालांवर सुमारे ४०० किलोचा रेटा येतो. तोही एकदा नाही, प्रत्येक वेळी थ्रॉटल पिळला की.

तो शिंगाचा वायसर या रेट्यासाठीच असतो. त्याचं शिंग चिमट्याच्या खाचेत बसतं आणि चपटं भोक एक्सलला अडवतं. तो नसेल आणि नट जरासा जरी ढिला असेल, तर एक्सल खाचेत थोडा हलतो, गाल फाकतात, आणि एके दिवशी चढावर एक्सल गर्रकन फिरतो. मोटारची केबल एक्सलच्या पोकळ टोकातून बाहेर येते, त्यामुळे ती एक्सलभोवती गुंडाळली जाते. तीन जाड तारा आणि पाच बारीक तारा एका ठिकाणी चेमटतात, प्लास्टिक फाटतं, ३६ व्होल्टची तार ५ व्होल्टच्या तारेला टेकते आणि कंट्रोलर (मोटारला मोजून वीज देणारी पेटी), हॉल सेन्सर (मोटार कुठवर फिरली ते कंट्रोलरला सांगणारा) दोन्ही एकदमच जातात. पुढच्या चाकात मोटार असेल तर एवढ्यावर भागत नाही. चाकच खाचेतून निसटू शकतं.

इलाज अवघड नाही. जालन्याला लोखंडाला तोटा नाही आणि लेथवाल्यांनाही. ५ किंवा ६ मिलीमीटर जाडीच्या साध्या लोखंडी पट्टीत १२ बाय १० चं चपटं भोक पाडून घ्यायचं, पट्टी दहा-बारा सेंटीमीटर लांब ठेवायची आणि दुसरं टोक चिमट्याच्या नळीला पक्क्या क्लिपनं आवळायचं. याला टॉर्क आर्म म्हणतात. खाचेत जो रेटा ४०० किलोचा होता, तो दहा सेंटीमीटरवर ४० किलोचा होतो. एवढा नळी हसत सहन करते. पट्टी अशा बाजूनं लावायची की जोर आल्यावर ती नळीवर दाबली जाईल. उलट लावली तर सगळा ताण क्लिपवर येतो आणि क्लिप ताणत जाते. एक्सल फिरू पाहतो तो चाकाच्या उलट दिशेनं, हे ध्यानात ठेवलं की बाजू चुकत नाही.

खाच घासणं हे त्याच्याही आधीचं काम. जुन्या काळ्या सायकलीच्या पुढच्या चिमट्याची खाच ८ मिलीमीटरच्या एक्सलची असते, तिथं १० मिलीमीटरच्या चपट्या बाजू शिरायला हव्यात. बारीक कानस घ्यायची, दोन्ही गालांवरून सारखं घासायचं आणि दर चार हातांनी एक्सल लावून बघायचा. तो हातानं दाबून, थोडा कुरकुरत आत गेला की थांबायचं. खडखड वाजत शिरला तर चिमटा वाया गेला असं समजा. घाईत लोक ग्राइंडर लावतात, तिथंच अर्धा मिलीमीटर जास्त निघतो. मग शिंगाचा वायसर, टॉर्क आर्म, साधा वायसर आणि नट या क्रमानं लावून हातभर लांब पान्यानं आवळायचं. पन्नासेक किलोमीटर चालल्यावर पुन्हा एकदा पाना लावून बघायचा, कारण रंगाचे थर दबतात आणि नट आपोआप ढिला पडतो. तिथला रंग आधीच खरवडून काढलेला बरा.

आता पंक्चर. मराठवाड्यात सायकल चालवायची आणि पंक्चर होऊ द्यायचं नाही, असं जमत नाही. बांधावरची बाभूळ आणि पावसाळ्यानंतर वाटेवर पसरलेले सराटे, या दोघांनी सगळ्या टायरवाल्यांचे संसार चालवलेत. म्हणून मोटार बसवताना पहिला विचार चाक काढता कसं येईल, हाच करावा. साध्या सायकलीला मोटार बसवायच्या स्वस्त किटमध्ये मोटारची केबल थेट कंट्रोलरच्या पेटीत जाते आणि वाटेत दहा ठिकाणी प्लास्टिकच्या पट्ट्यांनी बांधलेली असते. पंक्चरवाला बिचारा त्या कापतो, नाही तर तारेला लोंबकळत ठेवून चाक बाजूला काढतो. एक्सलपासून वीतभर अंतरावर नऊ पिनांचा एकच जलरोधक जोड असलेलं किट थोडं महाग मिळतं, पण ते घ्यावं. जोडावर दोन बाण असतात, ते समोरासमोर आणून सरळ दाबायचं. पीळ दिला की आतल्या बारीक पिना वाकतात. आणि खरं तर प्रत्येक पंक्चरला चाक काढायची गरजच नसते. टायर एका बाजूनं उचकटायचं, ट्यूब बाहेर ओढायची, हवा भरून कानाशी धरायची, ठिगळ लावायचं आणि परत आत सारायची. ट्यूब बदलायची असेल तेव्हाच नट खोला. जुन्या टायरच्या कडा कापून त्याची पट्टी आत घालायची आपली पद्धत इथंही चालते, फक्त पट्टीच्या कडा घासून पातळ करा. नाही तर काट्याआधी पट्टीच ट्यूब खाते.

किट ज्या सायकलीसाठी बनलं, ती सायकल आपल्या दारात उभी नाही.

हे फार उशिरा लक्षात येतं. हब मोटारला चाकाच्या ३६ तारांची (स्पोकची) भोकं असतात. आपल्या काळ्या सायकलीच्या पुढच्या रिमला ३२ आणि मागच्या रिमला ४० भोकं. म्हणजे मोटार आणली, रिम घरचीच वापरू, हा हिशेब पहिल्याच दिवशी कोलमडतो. पुढच्या हब मोटारला चिमट्यात १०० मिलीमीटर जागा लागते, मागच्या मोटारला १३५. काळ्या सायकलीचा मागचा गाळा ११०-११५ च्या आसपास असतो. पोलादी फ्रेम आहे, वाकते, म्हणून वीस-पंचवीस मिलीमीटर फाकवणारे लोक आहेत. पण फ्रेम दोन्हीकडे सारखी फाकत नाही, चाक तिरकं बसतं आणि चेन उतरू लागते. पुढचा चिमटा चार-सहा मिलीमीटर फाकवणं मात्र चालून जातं. म्हणून काळ्या सायकलीला मोटार लावायचीच तर ती पुढं बसते. पुढं बसली की मुरमाच्या रस्त्यावर आणि ओल्या मातीत चाक नुसतं जागेवर फिरतं, कारण माणसाचं वजन सगळं मागं. मोटारीसाठी सायकल निवडायचीच असेल तर २६ इंची, पोलादी फ्रेमची, ३६ तारांच्या रिमची, व्ही-ब्रेकची साधी सायकल बघावी. व्हर्नियर (बारीक माप घ्यायची सरकपट्टी) घेऊन मागचा गाळा दुकानातच मोजावा. पुढं शॉकअपवाला चिमटा असेल तर पुढच्या मोटारचं नावच काढू नये. त्याची टोकं हलक्या ओतीव धातूची असतात, ती फाकत नाहीत, एकदम तुटतात.

चाकाच्या मधोमध मोटार बसवायची कल्पना काही नवी नाही. अमेरिकेत ऑग्डेन बोल्टन नावाच्या माणसानं मागच्या चाकात मोटार आणि फ्रेमच्या मधे बॅटरी, अशा सायकलीचं पेटंट १८९५ च्या ३१ डिसेंबरला मिळवलं होतं. १० व्होल्टची बॅटरी आणि १०० अँपिअरपर्यंत करंट! एवढा करंट वाहायला तार केवढी जाड लागेल याचा विचार केला की आजचे ३६ व्होल्ट कुठून आले ते कळतं. व्होल्ट वाढवले की तेवढ्याच कामाला करंट कमी लागतो आणि तार पातळ चालते.

दुसऱ्या जातीचं किट दिसायला ओबडधोबड असतं. २४ व्होल्ट, २५० वॅटची ब्रशवाली मोटार मागच्या चाकाजवळ फ्रेमला ब्रॅकेटनं अडकवायची आणि चेननं चाक ओढायचं. मोटारला स्वतःची गिअरपेटी असते, बाहेर येणारं ९ दात्यांचं चक्र मिनिटाला तीनशेच्या आसपास फेरे घेतं. मागं १८ दाती फ्रीव्हील (एकाच दिशेनं ओढणारं, दुसरीकडं मोकळं फिरणारं चक्र) लावलं की चाकाचे दीडशे फेरे होतात, म्हणजे २८ इंची चाकाला ताशी २० किलोमीटर. आवाज करते, चेन दोन होतात, तेलाचे डाग पँटला दुप्पट लागतात. तरीही गावात राहणाऱ्यानं विचारलं तर मी हेच सुचवीन. चाक मूळचंच राहतं, त्यामुळे पंक्चरवाल्याला काही समजावून सांगावं लागत नाही. मोटारला दोनच तारा. ब्रश झिजले की बदलता येतात, आणि चेन सैल झाली तर ती डोळ्यांना दिसते.

यातही एक खोच आहे. मोटारची चेन डावीकडून घेतली आणि तिथं नेहमीचं फ्रीव्हील चढवलं, तर दोन गोष्टी होतात. फ्रीव्हील जिकडं ओढायचं तिकडंच मोकळं फिरतं, आणि त्याला कसंबसं जाम केलं तरी मोटारचा जोर आटे आवळत नाही, उलट सोडवतो. उजवीकडं पायडल मारताना फ्रीव्हील घट्ट होत जातं, डावीकडं तोच आटा उलटा पडतो. त्यासाठी डाव्या आट्याचं हब आणि डाव्या आट्याचंच फ्रीव्हील लागतं, किंवा मग दोन्ही चक्रं उजव्याच अंगाला घ्यावी लागतात. ब्रॅकेट सरकणं हे या किटचं नेहमीचं दुखणं. दोन बोल्टांवर ते भागत नाही, तिसरा आधार चेनस्टेला, म्हणजे मागच्या चाकाकडं जाणाऱ्या फ्रेमच्या खालच्या नळीला, द्यावा. ब्रॅकेट सरकलं की चेन सैल पडते, उडी मारते आणि चाकाच्या तारांत शिरते.

"एका चार्जिंगला किती जाते?" हा प्रश्न विचारला नाही असा माणूस भेटत नाही. याचं उत्तर सायकलीत कमी आणि वाऱ्यात जास्त असतं. माणूस, सायकल, बॅटरी मिळून १०० किलो धरा. सपाट डांबरी रस्ता, वारा पडलेला, वेग ताशी २०, तर चाकावर १२० वॅटच्या आत-बाहेर लागतात. निम्मे वारा कापायला, निम्मे टायरला. आता समोरून ताशी १५ चा वारा सुटला, फाल्गुन-चैत्रात दुपारी सुटतो तसा, की तेवढ्याच वेगाला २४० वॅट. वारा डोळ्यांना दिसत नाही, पण बॅटरी निम्म्यावर आलेली दिसते. म्हणून अनुभवी लोक वाऱ्यात वेग पंधरावर आणतात. मांजरसुंब्याच्या घाटासारख्या ठिकाणी हिशेब वेगळा. शंभराला सहाचा चढ, वेग १२, की चाकावर २३० वॅट. २५० वॅटची मोटार हे कागदावर ओढते, पण तिची वेटोळी २५ च्या वेगासाठी गुंडाळलेली असतात. दहा-बाराच्या वेगाला घेतलेल्या विजेतली निम्मी-अर्धी उष्णता होऊन जाते. चढावर पायडल मारणं म्हणजे मोटारवर उपकार नाहीत. पायांनी ८० वॅट दिले तर वेग दोन-तीन किलोमीटरनं वाढतो आणि तेवढ्यानं मोटार पुन्हा आपल्या पट्ट्यात येते. वरती पोचल्यावर मोटारच्या कवचावर हात ठेवून बघा. हात टिकत नसेल तर तिला झाडाखाली घटकाभर बसू द्या. आतली गिअरची चक्रं नायलॉनची असतात, गरम झाली की मऊ पडतात आणि पुढच्या धक्क्याला दाते सोलतात.

एवढं सगळं धरून सांगायचं तर हलकं पायडल मारत किलोमीटरला ८ ते १२ वॅट-तास आणि नुसत्या थ्रॉटलवर १५ पर्यंत लागतात. ३६ व्होल्ट, ७.८ अँपिअर-तासाची बॅटरी म्हणजे २८० वॅट-तास. भागाकार ज्याचा त्यानं करावा. घरच्या मीटरवर एका पूर्ण चार्जिंगला युनिटचा तिसरा हिस्सा पडतो. पेट्रोलच्या हिशेबात तो लोकांना पहिल्यांदा खरा वाटत नाही.

बॅटरीचं दुकान हे या धंद्यातलं सगळ्यात निसरडं ठिकाण. १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाच्या दोन लेड-अ‍ॅसिड बॅटऱ्या घेतल्या की काम स्वस्तात होतं खरं, पण त्यावरचा ७ चा आकडा वीस तासांत सावकाश रिकामी करण्याचा आहे. सायकल तिच्याकडून १० अँपिअर ओढते, तेव्हा हाती निम्मंच येतं. सात-आठ किलोमीटर जाऊन सायकल थकते आणि माणूस दुकानदाराच्या नावानं बोटं मोडतो. रोज तळ गाठला तर वर्षभरात ती बॅटरी फुगते. लिथियममध्ये दोन जाती. १८६५० आकाराचे, म्हणजे १८ मिलीमीटर जाड आणि ६५ लांब, ३.६ व्होल्टचे सेल एकामागं एक दहा लावले की ३६ व्होल्ट, पूर्ण भरल्यावर ४२. दुसरे लोखंड-फॉस्फेटचे ३.२ व्होल्टचे सेल, बारा लावले की ३८.४, भरल्यावर ४३.८. दुसरी जात जड आणि जाडी, पण उन्हाला जास्त टिकते आणि सहजासहजी पेटत नाही. जिथं मे महिन्यात पारा ४३-४४ ला टेकतो आणि सायकल पत्र्याच्या शेडखाली उभी असते, तिथं ही दुसरीच जात घ्यावी, किलोभर वजन वाढलं तरी. १८६५० च्या सेलवर ९९०० एमएएच असं छापलेलं असेल तर तो सेल हातात घेऊन वजन करा. नावाजलेले सेल साडेतीन हजारांच्या आसपास थांबतात आणि ४५ ग्रॅमच्या पुढं भरतात. नकली सेल हाताला पोकळ लागतो.

सेल जोडणारी पट्टी शुद्ध निकेलची की निकेल चढवलेल्या लोखंडाची, हे नुसतं बघून कळत नाही. पट्टीचा तुकडा ओरखडून मिठाच्या पाण्यात टाका. लोखंडाची असेल तर एक-दोन दिवसांत तांबूस गंज सुटतो. चार्जर बदलताना तर फारच जपावं लागतं. ३६ व्होल्टच्या लेड-अ‍ॅसिड बॅटरीचा चार्जर ४४ व्होल्टपर्यंत जातो. पिन तीच, भोक तेच, म्हणून ४२ च्या लिथियमला तो लावला तर मधे फक्त संरक्षणाचं छोटं सर्किट उभं असतं, आणि स्वस्त बॅटरीत ते सर्किट किती खरं, हे ती फुटल्याशिवाय कळत नाही. घरात ज्याला त्याला कळावं म्हणून चार्जरवर आणि बॅटरीवर एकाच रंगाची चिकटपट्टी लावावी. भर उन्हातून आल्या आल्या चार्जिंगला लावायची नाही. बॅटरी काढून घरात आणायची, तास-दीड तास गार होऊ द्यायची. पत्र्याच्या काळ्या डब्यात बॅटरी बसवून सायकल उन्हात उभी करणं म्हणजे ती चुलीवर ठेवण्यासारखंच.

साध्या सायकलीचं वैशिष्ट्य असं की तिचा प्रत्येक दोष दिसतो किंवा ऐकू येतो. कटकट आली म्हणजे कॉटर, चाक लहरत असेल तर आऊट काढायचं, करकर आली म्हणजे चेनला तेल. मोटार लागली की निम्मे दोष रबराच्या नळीत आणि राळ ओतलेल्या डब्यात जाऊन बसतात, आणि नाक्यावरच्या माणसाचा इलाज संपतो. याचं वाईट वाटतं. सायकलीची दुरुस्ती ही आपल्याकडं कुणाच्या मालकीची विद्या नव्हती, दहा वर्षांचं पोरही ती पाहून पाहून शिकत असे. पण थोडं मन लावलं तर यातलेही बरेच दोष उघड्यावर आणता येतात, साध्या मल्टिमीटरनं आणि त्याच्याशिवायही.

मोटार आणि कंट्रोलरचा जोड सोडवा. चाक हातानं उलट्या दिशेनं फिरवा, सहज फिरायला हवं. आता मोटारकडच्या पिवळ्या, हिरव्या, निळ्या जाड तारांपैकी कुठल्याही दोन एकमेकींना टेकवा आणि पुन्हा उलटं फिरवा. चाक अडत अडत, जड फिरलं पाहिजे, आणि तिन्ही जोड्यांना सारखंच जड. दोन जोड्यांना हलकं लागलं तर त्या दोन्हींत असलेली तार आत तुटली आहे. तारा सुट्या असतानाच चाक जड फिरत असेल तर आत दोन तारा चिकटल्या आहेत. उलटं फिरवायचं कारण, गिअरवाल्या हबमध्ये एकतर्फी क्लच असतो, सुलट फिरवलं तर मोटार हलतच नाही. याच क्लचमुळे चाक चुकून उलट-सुलट बसवलं की गंमत होते. सायकल मागं जायला बघते. तारांची अदलाबदल करून मोटार सुलटी फिरवली तर आत घूं आवाज येतो आणि चाक ढिम्म. तिथं तारांशी खेळत बसू नये, चाक काढून फिरवून बसवावं. नवा कंट्रोलर लावताना तारांचे रंग जुळले म्हणजे काम झालं असंही नाही. चाक उचलून धरा आणि थ्रॉटल अगदी थोडा द्या. गुरगुर, धक्के, किंवा मोकळ्या चाकाला दोन-तीन अँपिअरच्या वर करंट, म्हणजे क्रम चुकला. बऱ्याच कंट्रोलरना दोन पांढऱ्या सुट्या तारा असतात. त्या जोडल्या की तो मोटार स्वतः ओळखून घेतो आणि फिरवून दाखवतो. उलटी फिरली तर तारा सोडून पुन्हा जोडायच्या. सुलटी फिरू लागली की तारा सोडून टोकं बंद करायला विसरू नका.

थ्रॉटलच्या तीन तारांपैकी काळी सगळ्यात घातकी. ती हँडलच्या वळणापाशी घासून तुटली की थ्रॉटलचा इशारा एकदम ५ व्होल्टवर चढतो, आणि स्वस्त कंट्रोलर त्याचा अर्थ 'पूर्ण वेग' असा घेतो. ब्रेकच्या लिव्हरमध्ये मोटार तोडणारा स्विच असतो तो यासाठी. काळ्या सायकलीच्या सळईच्या ब्रेकला तो स्विच बसवायची सोय नसते, म्हणून अंगठ्याजवळ एक साधं लाल बटण तरी असावं, ब्रेकच्या तारांना जोडलेलं. सळईच्या ब्रेकचं रबर रिमला आतून घासतं आणि पावसात ओली लोखंडी रिम धरतच नाही. पंधराच्या वेगाऐवजी पंचविसाच्या वेगाला सायकल थांबवायची तर ब्रेकना पावणेतीनपट ऊर्जा गिळावी लागते. कायद्यानंही रेघ इथंच ओढली आहे. मोटार पाव किलोवॅटपेक्षा कमी, मदत ताशी २५ ला बंद, बॅटरी सोडून वजन ६० किलोच्या आत, पुढं पांढरा आणि मागं लाल रिफ्लेक्टर. एवढ्यात बसलं तर नंबर नको, लायसन नको. ४८ व्होल्टची बॅटरी लावून पस्तीसनं पळवणारे आहेत, पण ते सायकल चालवत नाहीत, बिनब्रेकची लुना चालवतात.

पावसाळ्यात पाणी हबमध्ये शिरतं ते बहुतेक वेळा केबलवरून ओघळत. केबलला एक्सलच्या खाली झोका देऊन मग वर न्यायची, म्हणजे पाणी झोक्याच्या तळाशी ठिबकून जातं. कंट्रोलर असा लावायचा की तारा खालच्या तोंडानं निघतील. सर्व्हिसिंग सेंटरचा पाण्याचा फवारा हबवर मारू द्यायचा नाही. काळ्या मातीच्या पाणंदीतून तर मोटारनं जाऊच नये. माती मडगार्डात भरते, चाक अडतं, आणि अडलेल्या चाकाला मोटार सगळा करंट घेते आणि काम शून्य करते. दोन मिनिटांत वेटोळ्यांचा जळका वास येतो. मडगार्ड काढून ठेवलं तर थोडं बरं, पण रान ओलं असेल तर खाली उतरून ढकलत न्यावी. बॅटरी, मोटार धरून सात-आठ किलो वाढलेले असतात, ते तेव्हा जाणवतात. दोन-तीन महिने सायकल बाजूला पडणार असेल तर बॅटरी पूर्ण भरून ठेवायची नाही आणि रिकामीही नाही, निम्मी ठेवायची आणि महिन्याकाठी व्होल्ट बघायचे.

सुटे भाग मागवले तर तालुक्याच्या गावी यायला आठवडा जातो, म्हणून घरात एक थ्रॉटल, एक कंट्रोलर, ३० अँपिअरचे दोन फ्यूज, मोटारच्या चाकाच्या मापाच्या पाच-सात जाड तारा (स्पोक) निपलसकट, आणि एक्सलचे दोन नट ठेवावेत. मोटारच्या चाकाची तार आखूड आणि जाड असते, ती नाक्यावर मिळत नाही. बाकी ट्यूब, टायर, चेन, रबरं नेहमीच्याच दुकानात.